घराकडे उतरणारी रेघ

प्रिय भाऊजी,

तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद. तुमची पाठ कशी आहे? माझी प्रकृती बरी, फक्त संशय बळावलाय.

आपल्या पावाच्या गाडीला तुम्ही बसवलेल्या, गाडीची ये-जा टिपणाऱ्या यंत्राचा आलेख मिळाला. रेघ दिवसातून दोनदा चढते-उतरते, म्हणजे ड्रायव्हर टेकडीवर जाऊन पाव परस्पर विकतो, त्याला काढा, असं तुम्ही कळवलंत. (उतारावर गाडी सुसाट येणारच, असंही.) भाऊजी, आपल्या वाटेवर टेकडी कुठली? मी नातीचं विज्ञानाचं पुस्तक काढून बसले. आलेखात आडवी मोजायची ती वेळ, उभं मोजायचं ते घरापासूनचं अंतर. रेघ चढली की गाडी लांब चालली, सपाट झाली की थांबली, उतरली की घराकडे वळली. रेघ जितकी तीव्र, तितकी चाल जास्त. चाल नुसती किती ते सांगते. वेग कुठल्या दिशेने, तेही सांगतो.

हे कळल्यावर संशय दुप्पट झाला. भरदुपारी, पाव वाटायचे सोडून, हा घराकडे सुसाट! इथे चोरण्यासारखं आहे काय? (ह्यांची पुस्तकं? ती माझीच अजून वाचून व्हायची आहेत.) म्हणून काल दुपारी मी पुढच्या खोलीत पडद्याआड उभी राहिले. गाडी आली. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावलं, आत कुणी नाही, आणि दार असं बडवलं की बिजागरी हलली.

"कशाला आलास रे?"

"टायर बघायला, वहिनी."

"टायर दाराला असतात?"

मग खाली बघत बोलला. हे घरात एकटेच पडले आणि गेले, तेव्हा मी बहिणीकडे होते. संध्याकाळी गाडी परतली तेव्हा त्यालाच पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून तो रोज दुपारी मधेच परततो, खिडकीत मी हलताना दिसले की निघतो. मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

त्याला काढायचा नाही. आता संशय उरलाय तुमच्यावर. नवा ड्रायव्हर म्हणून तुमच्या मेहुण्याचं नाव इतक्या चालीने आलं, ते कुठल्या दिशेने?

तुमची
वहिनी

ता. क. : सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी दारात परतली की दिवसभराचा सरासरी वेग शून्य, असं पुस्तकात आहे. मेहुण्यांना सांगू नका, ते कामगिरीही शून्य म्हणतील.

ता. क. दुसरा : रविवारी येऊन यंत्र काढून न्या. तोवर दुपारची, शून्यावरची सपाट रेघ जरा लांबलेली दिसेल. गाडी बिघडलेली नाही. तो चहा घेतो, आणि मीही.