अर्णवच्या विकासाची सूत्रं माझ्याकडे

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून तनयाचं ऑफिस पुन्हा सुरू. खराडी. म्हणजे जाण्यायेण्यात तीन तास. अर्णव (वय दहा महिने अठरा दिवस) दिवसभर आमच्याकडे राहणार. तनया म्हणाली, आई बघेल. मी दुरुस्ती केली : आपण बघू. त्यावर मायलेकी अर्णवची बॅग भरायला गेल्या. संमती समजलो.

माझ्या अधिकाराबद्दल शंका घ्यायला जागा नाही. एकतीस वर्षं अध्यापक विद्यालयात हेडक्लार्क. बालमानसशास्त्राच्या सगळ्या प्रश्नपत्रिका माझ्या हातून टाइप झाल्या. प्रश्न आजही तोंडपाठ. उत्तरं टाइप करण्याची वेळ आली नाही, पण माणसाला अंदाज येतो.

ठरवलेलं : रोज नोंद. बाळाशी फक्त शुद्ध मराठी. पहिलं पाऊल १५ फेब्रुवारीपर्यंत, माझ्या देखरेखीखाली. शिवाय कुसुमच्या अशास्त्रीय पद्धती तिला न दुखावता बंद करणे.

दुपारी ३.२०

वेळापत्रकाप्रमाणे एक ते तीन झोप. अर्णव झोपेना. त्याला वेळापत्रक वाचून दाखवलं. मला झोप लागली. उठलो तेव्हा माझ्या अंगावर त्याचं दुपटं होतं आणि तो स्वयंपाकघरात कुसुमशेजारी बसून लसूण सोलत होता.

लसूण वेळापत्रकात नाही.

७ जानेवारी, बुधवार

फ्रिजवर तक्ता लावला. मानवी जीवनाचे टप्पे, एकूण आठ. प्रत्येकाचं नाव योग्य टप्प्यापुढे लिहिलं. अर्णव पहिला. तनया आणि जावई अभिनव सहावा. सातव्यात कुसुम. या टप्प्यात माणूस नवं काही करतो, नाहीतर साचतो. कुसुमपुढे "साचलेली" असं लिहिलं, पेन्सिलने. आठवा टप्पा समाधान आणि शहाणपण. तिथे मी एकटाच. दहा महिन्यांनीच लहान असली तरी कुसुमला तिथे टाकणं मनाला पटेना.

कुसुमने तक्ता पूर्ण वाचला. खाली लिहिलं : दूध दोन लिटर, कोथिंबीर.

१२ जानेवारी, सोमवार

पहिला प्रयोग. वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे बाळाला कळतं का? माझा चष्मा अर्णवला दाखवला. नॅपकिनखाली ठेवला. म्हटलं, शोध. त्याने माझ्याकडे पाहिलं, नॅपकिनकडे पाहिलं आणि सोफ्याखाली निघून गेला. निष्कर्ष : ही जाण अद्याप नाही. ठळक नोंद केली. मग फोन वाजला म्हणून उठलो.

दुपारी १२. चष्मा नॅपकिनखाली नाही. घरात नॅपकिन तीन. तिन्हींखाली नाही.

दुपारी ४. कुसुमने अर्णवला विचारलं, आबांचा चष्मा कुठाय रे राजा? तो रांगत गेला आणि माझ्या चपलेतून काढून घेऊन आला. एक काडी चावलेली.

निष्कर्षात बदल नाही. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नसतं.

१९ जानेवारी, सोमवार

बाळाचं जग समजायला ते बाळाच्या उंचीवरून पाहावं लागतं. हे इतक्या लोकांना कसं सुचलं नाही! कुसुम अर्णवला घेऊन खाली उन्हात गेली होती. हॉलमधून रांगायला सुरुवात केली. टीपॉयखालून जाताना पाठीत उसण भरली. पुढे जाता येईना, मागेही येईना. उंचीबद्दलचं निरीक्षण चालू ठेवलं. टीपॉयच्या खालच्या बाजूला च्युइंगम आहे.

दार नुसतं लोटलेलं. सिलिंडरवाला कचरू आत आला. आजोबा, काय हरवलं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, निरीक्षण चालू आहे. त्याने सिलिंडर ठेवला, माझ्या अंगावरून टीपॉय उचलला, मला उभं केलं आणि ओटीपी मागितला. व्यवहारी मनुष्य.

त्याची मुलगी राजनंदिनी म्हणे साडेनऊ महिन्यांत चालली. पद्धत कोणती, मी विचारलं. तो म्हणाला, "पद्धत कसली आजोबा? शेजारची कोंबडी धरायची होती तिला."

अशास्त्रीय माहिती. तरी सोसायटीच्या चेअरमनांना फोन करून कोंबडीविषयी विचारून ठेवलं. नियमावलीत कोंबडीचा उल्लेख नाही, आपण तो करायला लावू नये, असं ते म्हणाले.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११.१५

ऐतिहासिक दिवस. अर्णव बोलला!

दाराची बेल वाजली आणि तो माझ्याकडे बोट करून स्पष्ट म्हणाला, "ओतीपी."

कुसुमचं म्हणणं, तो ओटीपी म्हणाला. घरात दिवसातून सहा वेळा कोणीतरी दारात उभं राहून तेच म्हणतं. किती वरवरचा विचार! मी वीस मिनिटं शांतपणे विश्लेषण केलं. "ओ" ही हाक. "तीपी" म्हणजे टिपा. ओ, टिपा! म्हणजे, आबा, नोंद करा. अकरा महिन्यांचं मूल संपूर्ण वाक्य बोललं, तेही आज्ञार्थी, तेही शुद्ध मराठीत, तेही मलाच उद्देशून.

तनयाला ऑफिसात फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. पुन्हा केला. तिने घाबरून उचलला. सांगितल्यावर तिने फोन आईकडे द्यायला सांगितलं. भारावली असावी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले काही आठवडे कुसुम रोज सकाळी सातला भाजी आणायला जाते. पाऊण तासाने येते. भाजी नसते. आज विचारलं. म्हणाली, "चांगली नव्हती."

सातव्या टप्प्यात असं निरुद्देश भटकणं होतं. बोललो नाही. समजून घेणं हे आठव्याचं लक्षण.

परवा ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान : "गर्भापासून वार्धक्यापर्यंत". सप्रयोग. भाषण पंचवीस मिनिटांत बसवा, सहाला चहा असतो, असं सेक्रेटरी रंगराव तीनदा म्हणाले. भाषण बत्तीस पानी आहे. जरा भरभर वाचेन.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८

व्याख्यान अपेक्षेपेक्षा यशस्वी.

श्रोते सतरा. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा मी सहाव्या महिन्यात होतो. गर्भाच्या. रंगराव उठून म्हणाले, "श्रीधरराव, आता जन्म घ्या. चहा थंड होतोय." हशा झाला. श्रोते गुंतल्याची खूण.

जन्म, बालपण, तारुण्य तिथल्या तिथे आटोपून थेट प्रयोगावर आलो. मूल आणि त्याला सर्वांत जवळचा माणूस यांच्यातला बंध. मी अर्णवला सतरंजीवर ठेवून हॉलबाहेर जाणार. तो रडणार. मी परत येणार. तो शांत होणार. एवढं साधं. कुसुमला मुद्दाम मागच्या रांगेत बसवलं होतं, प्रयोगात भेसळ नको म्हणून.

बाहेर जाऊन दाराला कान लावला. रडण्याचा आवाज नाही. दोन मिनिटं. पाच मिनिटं. अशा वेळी घाई करू नये. बारा मिनिटांनी फटीतून पाहिलं. अर्णव रंगरावांच्या मांडीवर बसून मारी बिस्किट खात होता आणि सभा अष्टविनायकाच्या सहलीवर पोहोचली होती. बसमध्ये पुढच्या सीटा कोणाला, यावर मतभेद.

मी आत गेलो. अर्णवने भोकाड पसरलं.

म्हणजे रडला! क्रम थोडा उलटा झाला इतकंच. कुसुमने घेतल्यावर गप्प बसला. पुढचं व्याख्यान केव्हा ठेवायचं, असं रंगरावांना विचारलं. वर्षभराचे कार्यक्रम ठरलेत म्हणाले. त्यापुढच्या वर्षाचेही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तनया ऑफिसातून परस्पर आली. चहा न घेता बसली. म्हणजे विषय गंभीर.

एक मार्चनंतर अर्णव पाळणाघरात. दहा मिनिटांवर आहे, तिने आणि अभिनवने पाहून ठेवलंय, बाई चांगल्या आहेत. मी कारण विचारलं. म्हणाली, "बाबा, आईला दोघांचं एकदम होत नाही."

दोघं म्हणजे कोण, असं मी विचारलं. ती फोनकडे बघायला लागली.

बहुधा कुसुमचे दोन्ही गुडघे.

हा निर्णय मी बदलणार. भांडून नव्हे. लेखी निवेदन देणार. "बाळाच्या जडणघडणीत आजोबांचं स्थान : काही मुद्दे".

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.३०

सकाळपासून निवेदन लिहीत होतो, बेडरूमचं दार लावून. तनयाला सुट्टी, ती इकडेच होती. पाचव्या पानावर हात अगदी चालायला लागला होता : "मुलाच्या प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी आजोबांची उपस्थिती..." तेवढ्यात बाहेर टाळ्या आणि आरडाओरडा. लक्ष विचलित झालं. दार उघडून सांगितलं की जरा हळू, इथे काम चाललंय. कुसुम काहीतरी म्हणत होती. दार लावलं.

पान सहा, पान सात. बाहेर आलो.

अर्णव चालला. चार पावलं. सोफ्यापासून कुसुमपर्यंत.

पुन्हा चालवा म्हटलं. उभं केलं, तो बसला. उभं केलं, बसला. रिमोट दाखवला, चष्मा दाखवला, कोंबडीचा आवाजसुद्धा काढला. तो खाली पसरलेल्या वर्तमानपत्राकडे बघत बसला.

तनयाने व्हिडिओ दाखवला. नऊ सेकंदांचा आहे. सातव्या सेकंदाला मागे दार उघडतं, माझं डोकं बाहेर येतं, गप्प बसा म्हणतं आणि आत जातं.

नंतर तनयाने सहज विचारलं, मी कधी चालले होते बाबा? मी म्हटलं, वेळेवर. ती म्हणाली, "तारीख नाही विचारली. तुम्ही होतात का?"

परीक्षा चालू होत्या त्या वेळी. सतरा केंद्रं होती. पेपरफुटीची भीती असायची. हे सगळं तिला नीट समजावून सांगितलं. हो हो, म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

निवेदन दिलं नाही. शुद्धलेखन तपासायचं राहिलंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी साडेसातला गॅलरीतून पाहतो तो फाटकाशी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. कोणीतरी ती पहिल्याच झटक्यात दोन स्कूटरींच्या मधे लावली. म्हटलं, पोरगं तयार आहे. दार उघडून कुसुम उतरली.

डिसेंबरापासून शिकतेय. शिकाऊ परवाना, मग क्लास, काल टेस्ट. पास! तनयाला ठाऊक. अभिनवला ठाऊक. रंगरावांनासुद्धा ठाऊक, सहलीला बसमागून जाणाऱ्या गाडीची पर्यायी चालक म्हणून तिचं नाव आहे. मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. कुसुम म्हणाली, "अहो, तुम्ही तक्ता केला असता."

एकसष्ट वर्षांची बाई. मला स्वतःला चारचाकी येत नाही. कधी गरज वाटली नाही.

फ्रिजवरचा "साचलेली" शब्द खोडला. पेन्सिल होती म्हणून बरं. काय लिहावं ते सुचेना. जागा मोकळी ठेवली. तो शब्द पुल्लिंगी करून खालच्या ओळीत, माझ्या नावापुढे, लिहून कसा दिसतो ते पाहिलं. अक्षर चांगलं आलं. खोडायला गेलो तर रबर सापडेना.

तेवढ्यात कुसुमने चहाला हाक मारली.

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.०५

पाळणाघर. पहिला दिवस. अर्णव फार रडणार. म्हणून निरीक्षक या नात्याने मी हजर, वहीसकट. कुसुमने अभिनवची गाडी चालवली. चांगली चालवते. मी डोळे उघडे ठेवले होते, बऱ्याचदा.

पाळणाघराच्या नम्रताताईंना माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली. अठरा मुलं रडत असताना त्यांनी ती उभ्याने ऐकली.

९.१५

अर्णव रडला नाही. चालत आत गेला. एका मुलीच्या हातातला ठोकळा घेतला, तिने दुसरा दिला. मागे वळून पाहिलं नाही. लांबून हाक मारली, तरी नाही. कुसुम तिच्या कामाला निघून गेली. मी थांबलोय. केव्हाही रडू शकतो.

९.४०

खिडकीशी उभं राहू नका, बाकीची मुलं बावरतात, असं सांगण्यात आलं. चपलांच्या बाकावर बसलोय. इथून ऐकू येतं.

९.५५

रडण्याचा आवाज. धावत गेलो. दुसरंच कोणी होतं.

घरी, दुपारी १२

नम्रताताई बाहेर आल्या. माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला, शेजारी बसल्या. म्हणाल्या, पहिले तीन-चार दिवस जड जातात आजोबा, मग सवय होते. मी म्हटलं, छे, अर्णव तर मजेत आहे. त्या म्हणाल्या, "अर्णवचं कुठे म्हणतेय मी?"

डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. तिकडे धूळ बरीच आहे, लेखी तक्रार द्यावी लागेल.

पाळणाघर साडेपाचपर्यंत असतं. त्यांनी कुसुमला साडेदहालाच फोन केला आणि न्यायला बोलावलं. ती आली. अर्णव संध्याकाळपर्यंत तिथेच आहे.