मुकादमच्या आठ दिवसांचा कागद

रविवार, ता. १२
दुपार, माझी कॉलेजमधली खोली

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? दादाला म्हणावं, गच्चीवरचे कपडे त्याने आणायला हरकत नाही, त्याचे गुडघे अजून कोरे आहेत. आम्ही सगळे बरे आहोत.

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही म्हणाला असाल, "डॉक्टरांना आज पत्र कुठून सुचलं, फोन बिघडला का?" फोन धड आहे. पण फोनवर मी मुद्द्यावर आलो की तुम्ही विचारता, "भाऊजी, जेवलात का?" आणि मी काय जेवलो ते सांगून फोन ठेवून देतो. गेल्या महिन्यात असं चार वेळा झालं. म्हणून पत्र.

पुढच्या महिन्यातल्या आमच्या विभागाच्या सत्काराला तुम्ही दोघं येताय, पहिल्या रांगेत तुमच्या खुर्च्या आहेत. त्या दिवशी कॉलेज एक पुस्तिका काढणार आहे. आमच्या विभागातल्या आम्हा तिघांचे परिचय त्यात येतील: कोण कुठून आलं, काय शिकलं, जनावरांच्या आहाराच्या या विषयाकडे कसं वळलं. दादा आम्हाला कुत्र्यामांजरांचे आचारी म्हणतो, ते काही अगदी चुकीचं नाही. आमच्या बाई आधी प्राणिसंग्रहालयाच्या स्वयंपाकघरात होत्या, अस्वलांसाठी पोत्यांनी गाजरं चिरायच्या. मग वाटलं, हे एवढंच का आणि गाजरंच का, म्हणून पुन्हा शिकायला बसल्या. दुसरे आमचे सर शस्त्रक्रियावाले. ऑपरेशन झकास व्हायचं आणि जनावर नंतर न खाल्ल्याने दगावायचं. एके दिवशी त्यांनी सुरी ठेवली आणि वाटी हातात घेतली. दोघांनी आपापलं पान एका बैठकीत लिहून दिलं.

मी सहा वेळा लिहिलं, "लहानपणापासून प्राण्यांची आवड." सहाही वेळा खोडलं. शेजारच्या शेळीला घाबरून मी पाचवीपर्यंत मागच्या दाराने शाळेत जायचो, हे दादाने तुम्हाला लग्नानंतर आठवड्याभरात सांगितलं होतं.

खरं कारण मुकादम आहे.

त्याचं नाव तुम्हीच ठेवलंत. घरात कुणी काम करत असलं की हा ओट्याच्या कडेला बसून देखरेख करायचा. आई गेल्यावर बाबा ज्याच्याशी मोकळेपणाने बोलायचे असा घरात तो एकच. पावणेआठ किलोचा बोका मांडीवर घेऊन बाबा पेपर वाचायचे आणि पायाला मुंग्या आल्या तरी उठायचे नाहीत. मी तेव्हा पुढच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होतो. अंगात अर्ध्या हळकुंडाचं पिवळेपण भरपूर. सुट्टीत घरी आलो, मुकादमच्या बरगड्या चाचपल्या, त्या काही सापडल्या नाहीत. मग मी नवीन खाणं ठरवलं, मापाचा कप ठरवला आणि तुम्हाला बजावलं, "बाकी एक दाणा नाही." जाताना एक कागद भिंतीवर चिकटवला: किती दिलं, किती खाल्लं, रोज लिहा.

त्याने नवीन खाण्याला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही फोन केलात. "भाऊजी, वाटी तशीच आहे हो. थोडं नेहमीचं घालू का?"

मी काय म्हणालो, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "वहिनी, तुमच्या लाडानेच तो फुगलाय. पोटात कावळे ओरडले की निमूट खाईल. विरघळू नका."

कुत्र्याच्या बाबतीत हे एक वेळ चालतं. लठ्ठ मांजर चार दिवस उपाशी राहिलं की त्याच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृत बंद पडायला लागतं. आठव्या दिवशी मी पोचलो तेव्हा मुकादमचे कान आतून पिवळे झाले होते. बाबांच्या मांडीवरच गेला तो.

बाबांनी मला विचारलं, "कशाने रे?"

वहिनी, त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं. एवढं म्हणून मी आजवर स्वतःची समजूत घातली. पण माहीत नव्हतं तर "माहीत नाही" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ठरवलेलं खात नव्हता, म्हणजे कुणीतरी चोरून दुसरं घालत होतं. तेच बाधलं." कुणीतरी! त्या घरात स्वयंपाकघर एकाच माणसाच्या हातात होतं. तुम्ही पदराला हात पुसत दारात उभ्या होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि त्याची भरलेली वाटी उचलून आत नेलीत.

तीन आठवड्यांनी ग्रंथालयात त्या आजाराचं पान माझ्यासमोर उघडलं. मुकादम उपासानेच गेला, हे तिथे स्पष्ट होतं. नळीने खाऊ घातलं असतं तर कदाचित तो जगला असता, हेही तिथेच लिहिलं होतं. त्या दिवशी घरी फोन करायला दहा मिनिटं लागली असती. पण बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमचा धाकटा शिकतोय, त्याला सगळं कळतं." ते ऐकायची मला चटक लागली होती. मी फोन केला नाही.

पुढची चार वर्षं, ते जाईपर्यंत, बाबा तुमच्या हातचं प्रत्येक ताट पुढे आलं की विचारायचे, "यात काय घातलंयस?" तुम्ही दर वेळी सांगायचात. मीठ, हळद, तेल, सगळं. आवाज न चढवता. मी सुट्टीत घरी असायचो, शेजारच्या पाटावर बसून हे ऐकायचो आणि जेवायचो. दादा एकदा भडकला तेव्हा तुम्हीच त्याला म्हणालात, "जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचं दुःख आहे ते."

आणि मी काय करत होतो? लोका सांगे ब्रह्मज्ञान. एकोणीस वर्षं मी पोरांना शिकवतोय, मालकावर संशय घेऊ नका. "तुम्ही काय घातलंत?" असं विचारू नका, "दिवसभरात तो काय काय खातो?" असं विचारा. आणि मांजर खात नाही म्हणून फोन आला तर हातातलं काम टाकून ऐका. पोरं हे वहीत लिहून घेतात. गेल्या मंगळवारी एका मुलीने विचारलं, "सर, न खाणाऱ्या मांजराला उपाशी ठेवा, असं कुठला डॉक्टर सांगेल का?" मी म्हणालो, "होता एक." वर्ग हसला. मीही हसलो, वहिनी. त्या हसण्याची मला शिसारी आली.

आता जे राहिलंय ते सांगतो. एवढं लिहूनही हात तिथे जात नव्हता.

भिंतीवरचा तो कागद. तुम्ही नंतर तो शोधलात, मला माहीत आहे. मला विचारलंतही, "भाऊजी, तुम्ही पाहिलात का हो?" मी नाही म्हणालो. तो मुकादम गेला त्याच संध्याकाळी मीच काढला होता. का काढतोय ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही, पण घडी घालून खिशात ठेवण्याआधी दारात कुणी नाही ना ते पाहिलं होतं, म्हणजे कुठेतरी कळलेलं होतंच. तो कागद बाबांनी एकदा वाचला असता तर चार वर्षांत त्यांनी तुम्हाला एकदाही ते विचारलं नसतं.

तो सोबत पाठवतोय. मूळ कागद आहे, प्रत नाही. एकवीस वर्षं माझ्या कपाटात होता. आठ दिवसांच्या आठ ओळी. "सकाळी दिलं, खाल्लं नाही. संध्याकाळी दिलं, खाल्लं नाही." चौथ्या दिवशी तुमच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: "भाऊजींना विचारलं. नाही म्हणाले."

परिचयाची प्रतही जोडली आहे. त्यात मुकादम आहे, फोन आहे, माझं बाबांशी खोटं बोलणं आहे आणि कागदही आहे. आधी ठरवलं होतं, तुम्हाला विचारावं, छापू का? मग लक्षात आलं, तुम्ही "कशाला हो भाऊजी, जाऊ दे" म्हणाल आणि मी ते आनंदाने ऐकेन. म्हणजे पुन्हा तुमच्याच गळ्यात. म्हणून काल सकाळी मजकूर छापायला देऊन आलो. दादालाही तुम्ही काही सांगायचं नाही. बुधवारी हे पत्र तुमच्या हातात पडेल, त्या संध्याकाळी मी स्वतः त्याला फोन करणार आहे. तो शिव्या देईल, द्यायलाच हव्यात.

सत्काराला यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही आलात तरी तुमची खुर्ची पहिल्या रांगेत राहील, तिथे दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही. आणि फोन केलात तर एवढंच करा, मी जेवलो का ते विचारू नका.

गुडघ्याला शेक घ्या. माफी मागतोय, पण ती मिळेल या हिशोबाने नाही.

तुमचा,
"नाही म्हणाले" त्या ओळीतला
भाऊजी