दहिसरची बॉडी

रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

दादाशी बोलायचीच इच्छा होत नाहीये.

आबांच्या जुन्या गाडीचं इंजिन ठणठणीत, पण बॉडी गंजून चाळण झालेली. दादाला अगदी तशीच बॉडी दहिसरला राणेकाकांच्या अंगणात सापडली. काकांना लकवा झालेला, वाचाही गेलेली. संध्याकाळी काकू त्यांना त्या गाडीतच नेऊन बसवायच्या. म्हणाल्या, "हे आहेत तोवर नाही विकणार."

तेव्हापासून दादा दर रविवारी मोसंबी घेऊन जायचा. आणि काकांच्या समोरच मला विचारायचा, "अजून किती दिवस काढेल रे हा?"

बुधवारी काका गेले. अजून दिवसही झाले नाहीत, आणि आज दादा टेम्पो घेऊन हजर! हातात मोसंबी होतीच. कुणासाठी?

अंगणात भंगारवाला गॅस कटरने बॉडीचे तुकडे करत होता. दादा ओरडलाच, "काकू, हे काय? मी घेणार होतो ना!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "ह्यांची वाचा गेली होती. कान नव्हते गेले."

टेम्पो रिकामाच परत निघाला. बोरिवलीपर्यंत दादा गप्प. मला वाटलं, लागलं असेल मनाला.

मग म्हणाला, "दरवाजे तरी मागून घ्यायला हवे होते रे."