रॉयकाकांचा मार्क

सोमवार, ४ ऑगस्ट
शेजारचे रॉयकाका नव्वदीत आहेत. पन्नासच्या दशकात मेलबर्नला ऑस्ट्रेलियन फुटबॉल गाजवून मग ऑकलंडला आले. शनिवारी आपल्या मराठी मंडळात त्यांचा सत्कार. आयडिया माझीच, परिचयही मीच करून देणार. लेक ओवी शाळेत हाच खेळ खेळते. काकांनी तिच्यासमोरच विचारलं, तू खेळलायस का? म्हटलं, हीप्स! म्हणजे भरपूर. लेकीसमोर नाही कसं म्हणणार?

मंगळवार
घात झाला. काका म्हणतात, सत्कारानंतर स्टेजवर ते चेंडू उंच टाकणार आणि मी उडी मारून वरच्या वर झेलायचा. त्याला मार्क म्हणतात. मी स्वीट अ‍ॅज (इथलं ‘चालेल की’) म्हणून बसलो.
संकल्प: रोज सराव.

गुरुवार
सराव (पहिला). काकांनी कुंपणावरून तो लांबोडका चेंडू टाकला. मी चपळाईने खाली बसलो. चेंडू बायकोच्या, सुनीतीच्या कोथिंबिरीत. काका म्हणाले, डोळे उघडे ठेव. ऊन डोळ्यांवर येत होतं, असं सांगितलं. पाऊस पडत होता.
ओवीला नीट समजावलं, घाबरायचं नसतं, नजर चेंडूवर.

शुक्रवार
ईस्ट टामाकीच्या ऑफिसात दिवसभर एकच विचार. नाक फुटलं तर? ओवी बघत असताना?
संध्याकाळी काकांचा चेंडू ‘पुसायला’ म्हणून आणला आणि गॅरेजमध्ये बॅगांमागे ठेवला. चेंडू नाही तर मार्क नाही. डोकं लागतं.

शनिवार
परिचय लांबवत होतो. अध्यक्ष मृणालिनीताई माईकवरच म्हणाल्या, रमण, आवरा आता. शाल झाली, श्रीफळ झालं. काकांनी विचारलं, बॉल कुठाय? म्हटलं, सापडत नाहीये, सॉरी. काकांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
आई गं.
नारळ वर गेला. मी खाली बसलो, डोळे गच्च मिटून, डोक्यावर हात. टाळ्या ऐकून डोळे उघडले. मागून ओवीने उडी मारून नारळ छातीशी धरला होता. काकांनी स्वतःची शाल काढून तिला पांघरली. डोळे पुसत होते. ती मला इंग्रजीत म्हणाली, तूच सांगितलं होतंस ना बाबा, नजर चेंडूवर.

रविवार
शांतपणे विचार केला. मी वेळेवर बसलो नसतो, तर ओवीला नारळ दिसला असता का? कोचिंग म्हणतात ते हेच.
सकाळी सुनीतीने तोच नारळ फोडायला दिला. ऐन घावाला डोळे मिटले. अंगठा सुजलाय.
नारळ ओवीने फोडला.