लुगडं नको, लाँच द्या

बुधवार, १२ नोव्हेंबर

वादळ गेलं एकदाचं. सतरा होड्या फुटल्या, जाळ्यांचा तर पत्ताच नाही. आणि आमचा रामा आला नाही! रामचंद्र — धाकटा भाऊ माझा. रविवारी पहाटे दत्तारामला घेऊन मासेमारीला गेला. लहान होडी, दोघंच. बाकी सगळे परतले.

त्याची बायको गुणवंती कालपासून किनाऱ्यावर बसून आहे. रडत नाही, नजर दर्यावर. शेजारी दत्तारामची बायको काशीबाई. तिचा रडून रडून आवाज बसलाय.

गुरुवार, १३

सरकारी हापिसात गेलो. म्हटलं, शोधायला लाँच पाठवा. साहेब म्हणे, "लाँच रिकामी नाही." मग सांगितलं — बारा वर्षं मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी! लगेच खुर्ची दिली. खुर्ची दिली, लाँच नाही दिली.

शुक्रवार, १४

मंत्री येणार! रविवारी, आमच्या कफ परेडच्या वस्तीत, मदत वाटायला! पत्र माझ्या नावावर आलंय — श्री. विठोबा, सेक्रेटरी. घरी बायकोला, राधाला, दोनदा वाचून दाखवलं. "कळलं हो एकदा," म्हणाली. तिला काय किंमत!

मदतीसाठी यादी करायची होती. फॉर्मात रकाने दोनच — मयत आणि जखमी. बेपत्ता माणसाला रकानाच नाही. कारकून म्हणाला, "मयत लिहा, नाहीतर दोन्ही घरांना काही मिळायचं नाही."

लिहिलं. सख्ख्या भावाचं नाव, माझ्याच अक्षरात. पण घरात दाणा तर यायला हवा ना? दुसरं काय करणार होतो मी?

शनिवार, १५

मंडप उभा राहिला. संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीचे पुढारी आले — लालबागचे शामराव. "गुणवंतीताईंना आमच्या सभेत आणा. या द्वैभाषिक सरकारचे वाभाडे काढू!" म्हटलं, शामराव, मीही संयुक्त महाराष्ट्रवालाच, पण दारी पाहुणा येतोय. उद्या मागे उभे राहू म्हणाले, झेंडे घेऊन.

म्हाताऱ्या बायांनी आज काशीबाईच्या बांगड्या फोडल्या. मयताची मदत घ्यायची आणि हात भरलेला, कसं दिसेल? मीच म्हटलं होतं तसं. मग गुणवंतीकडे गेल्या. ही बया दारात कोयता घेऊन बसलेली! म्हणे मासळी कापतेय. कसली मासळी? आठवडाभर एक होडी पाण्यात नाही!

रविवार, १६

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

मंत्री अर्धा तास उशिरा आले. हार मी घातला. भाषण झालं — निसर्गाचा कोप, सरकार तुमच्या पाठीशी खंबीर उभं आहे, वगैरे. फोटोवाला पुढे. आधी काशीबाईला बोलावलं. मान खाली घालून गेली, लुगडं आणि तांदळाची पिशवी घेऊन आली. मग नाव पुकारलं, "कैलासवासी रामचंद्र यांच्या पत्नी."

गुणवंती उठली. मंडपाच्या मधोमध आली आणि डावा हात वर केला. आम्हा कोळ्यांत लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. डाव्या हाताच्या राहतात. हिरव्यागार, सहाच्या सहा.

"साहेब, मी कुणा कैलासवाशाची बायको नाय. हे लुगडं नको मना. लाँच द्या."

मंत्र्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. कुणीतरी पुटपुटलं की ताई, सरकार पाठीशी आहे.

"पाठीशी हाय ना? दर्या तर समोर हाय!"

मागून शामरावांची माणसं ओरडायला लागली, शेम, शेम! ही गर्रकन वळली. "दादा, वरडू नका. तुमच्याकडं लाँच हाय? नाय ना? मग बसा खाली!" अख्खी वस्ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा. शामरावसुद्धा हसले, खरंच बसले.

मग ती माझ्यासमोर आली. "भावोजी, नाव खोडा." सगळ्यांच्या देखत. सेक्रेटरी मी! पण पेन काढलं आणि खोडलं. दत्तारामचंही खोडलं. लाज वाटली हो, पण छाती अशी भरून आली की काय सांगू! ही आमच्या घरची सून. इतकी वर्षं पुढाऱ्यांना हार घालत आलो, एकाला असं सरळ विचारायची माझी टाप झाली नाही.

मंत्री उठले. म्हणाले, "उद्या सकाळी लाँच येईल." येईल तेव्हा खरं.

सोमवार, १७

आली! मंत्रीही आले ससून डॉकला, लाँचवर उभे राहून फोटो काढला आणि उतरले. असो. लाँच तर मिळाली! मी आणि वस्तीतले दोघं निघालो. सुटता सुटता शामराव धावत आले, डोक्यावर टोपली. लालबागच्या चाळीतल्या बायकांनी भाकऱ्या दिल्या होत्या. आज हातात झेंडा नव्हता.

गुणवंती धक्क्यावर उभी होती. "प्रत्येक बंदरात विचारा, भावोजी. एकही सोडू नका." नाही सोडणार.

मंगळवार, १८

रेवस, अलिबाग. काही नाही.

बुधवार, १९

कोर्लईला सापडला दत्ताराम! एका कोळ्याच्या घरी, पाय मोडलेला, तापाने फणफणलेला. चार दिवस त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. जिवंत आहे! ही बाई उठली नसती तर कोण येणार होतं इथे?

होडी उलटल्यावर रामाने त्याला डोलकाठीला बांधलं. दोर एकालाच पुरला. दत्ताराम एवढंच सांगतो आणि तोंड फिरवतो.

माझा रामा. अभिमान वाटतो आणि रडूही येतं. दोन्ही एकदम येतं.

गुरुवार, २०

काल संध्याकाळपर्यंत पुढची बंदरंही विचारली, रामाचा कुठेच पत्ता नाही. आज दुपारी पोचलो. दत्तारामला खांद्यावरून उतरवलं. अख्खी वस्ती किनाऱ्यावर, पण काशीबाई पुढे येईना. उघडे हात पदराखाली लपवून उभी. गुणवंतीने लाँचकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मला काही सांगावं लागलं नाही. काशीबाईचा हात तिने पदरातून ओढून बाहेर काढला. स्वतःच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, त्या हातात भरल्या. म्हाताऱ्या कुजबुजल्या. "फोडलेल्या नायत, उतरवलेल्या हायत," म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"भावोजी, आता नाव लिवा."