देवळीतली सुई

जीप यायच्या आत गोरक्षनाथने बहिणीसाठी कागद लिहायला घेतला. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती.

अंजू, तपासणीला जालन्याला चाललो. आबांना म्हणावं, देवळीतल्या डबीतली मेंढरांच्या लसीची सुई वापरू नका. गंजली आहे.

‘गंजली आहे’ त्याने खोडलं. गंजलेली सुई आबा राखेनं घासून घेत.

बोथट झाली आहे.

तेही खोडलं. आबा तिला दगडावर धार लावत.

मग त्याने एका दमात लिहिलं:

आम्ही तिघं दोस्त नशेसाठी तीच सुई टोचून घेत होतो. माझ्या रक्तात कावीळ निघाली. डोळे पिवळे न्हाईत, तरी निघाली. ती सुई ज्याला टोचंल त्यालाबी होऊ शकते. आबांना बिलकुल हात लावू देऊ नको. खरं कारण सांग.

लस देताना मेंढरू उसळलं की सुई आधी आबांच्याच अंगठ्यात शिरायची. घरात त्याची थट्टा व्हायची.

चिठ्ठी डबीखाली ठेवायला तो भिंतीतल्या देवळीपाशी गेला. डबी जागेवर नव्हती.

घरामागच्या मेंढरांच्या वाडग्यातून आबांचा हसरा आवाज आला, “अंजे, जल्दी फडकं आण गं! मेंढराआधी मलाच टोचली बघ!”