नर्सबाईंच्या गाडीची स्प्रिंग

४ मार्च, सोमवार

मिळाली! आख्खी गाडी मिळाली!

इथं गॅरेजात आल्यापासून माझं काम एकच — लोकांच्या मोटरसायकलींचे शॉकअप खोलायचे, काळं झालेलं तेल ओतून टाकायचं, धुवायचे, नवी सील बसवायची, पुसून टेबलावर ठेवायचे. त्याच्यापुढचं सगळं मालकाचं. स्क्रू फिरवणार तो, सीटवर तळवा दाबून 'हं' म्हणणार तो, गिऱ्हाइकाशी बोलणार तो. आज सकाळी नर्सबाई आल्या. मालकानं त्यांच्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "भिंगरी, ही तुझी."

मला भिंगरी म्हणतो. एका जागी बूड टेकत नाही म्हणून.

नर्सबाई पन्नाशीच्या. भक्कम बांधा, आवाज असा की दुखणं घाबरून पळावं. घरोघर जाऊन जखमा बांधतात, इंजेक्शनं देतात — सगळी अंथरुणाला खिळलेली माणसं. दिवसभर गाडीवर. आता कंबर गेलीय. डॉक्टर म्हणाला गाडी सोडा. साहेब म्हणाला ऑफिसात टेबल घ्या, काय ते पुढच्या सोमवारी सांगा. म्हणून बाईंनी कंपनीचा शॉकअप काढून बाहेरचा भारीतला बसवून घेतला, दुसऱ्या दुकानात. तर कंबर जास्तच दुखायला लागली!

"टेबलावर बसवलं तर मी आठवड्यात मरेन," म्हणाल्या. "आणि माझे म्हातारे माझ्या आधी."

म्हणजे सोमवारपर्यंत. आणि काम माझ्या हातात!

५ मार्च, मंगळवार

झालं पण!

कंबर दुखते म्हणजे गाडी कडक आहे, यात डोकं काय चालवायचं? मागची औषधांची पेटी मधे येत होती, ती काढून ठेवली. स्प्रिंगवरची चकती सैल केली, म्हणजे स्प्रिंग मऊ. मग खालचा बारका स्क्रू. दणका बसून गाडी दबली की परत वर किती हळू यायचं, ते त्या स्क्रूवर असतं. आवळला की हळू. चांगला आवळला. सीट दाबून सोडली तर गाडी अशी सावकाश वर आली, जशी म्हैस पाण्यातून उठते.

बाईंनी गल्लीत एक चक्कर मारली. "अगंबाई, पाळणाच की रे!"

मालक बघत होता. हं नाही, हूं नाही. जळला असेल.

आईला फोन केला. "टिकलास होय अजून?" हा पहिला प्रश्न. बेकरी सोडली, रंगकाम सोडलं, लाकडाची वखार सोडली — सगळं तिला पाठ आहे. म्हटलं, "आई, गाडी मिळाली."

"विकत?"

"नाही गं, दुरुस्तीला."

"मग आधी काय करत होतास तिथं?"

आता हिला काय सांगायचं!

६ मार्च, बुधवार

आज परत धुणं. धुतलं. शीळ घालत धुतलं.

७ मार्च, गुरुवार

बाई आल्या. उतरताना एक हात टाकीवर, एक कमरेवर. चेहरा पांढरा.

"मेस्त्री, पाळणा नाही रे हा. उखळ आहे. कांडून काढलं मला."

 म्हटलं, बाई, आणखी मऊ करून देतो. बघतो तर चकती पार शेवटच्या आट्यावर. आणखी मऊ करायला काही शिल्लकच नाही!

बाईंना स्टुलावर बसवलं आणि आत गेलो. "मालक, तुम्हीच बघा."

"गाडी कुणाची?"

"बाईंची."

"काम कुणाचं?"

"माझं."

"सीट दाबून बघितलीस. रस्ता बघितलास?" एवढं बोलून परत त्याच्या कामात.

चीड आली. त्याला दिसत होतं तर मंगळवारीच का नाही बोलला? त्या बाईची कंबर जातेय आणि याची शाळा चाललीय! संध्याकाळी रंगवाल्याचा नंबर काढून बसलो होतो. त्याच्याकडे काम असतं कायम. पाय शिवशिवत होते. माझे पाय मला माहीत आहेत.

लावला नाही. का ते विचारू नये.

८ मार्च, शुक्रवार

दुकानाची जुनी गाडी घेऊन बाईंच्या मागं मागं गेलो. मालकाला म्हटलं, "जातो." म्हणाला, "हेल्मेट घाल."

गावाबाहेर थोडं डांबर, मग नुसते दगड. मग एक लांबच लांब पट्टा — ट्रकांनी आडव्या वळ्या पाडलेल्या. उंच, खोल, उंच, खोल, संपतच नाही. मी मागून बाईंच्या गाडीचं मागचं चाक बघत होतो. पहिल्या वळीवर गाडी दबली. वर यायला निघाली, तेवढ्यात दुसरी वळी! मग तिसरी! प्रत्येक वळीला गाडी आणखी खाली. शेवटी दबायला जागाच उरली नाही, आणि मग — खाड! खाड! खाड! मागून ऐकू येत होतं मला. तो प्रत्येक खाड सरळ कमरेत.

आणि पेटी! सलाईनच्या बाटल्या, औषधं, पट्ट्या, वर बांधलेली पिशवी. एक अख्खा माणूस मागं बसल्यासारखं ओझं. आणि मी शहाणा, पेटी काढून स्क्रू फिरवत बसलो होतो.

पहिल्या घरी एक आजोबा खाटेवरूनच ओरडले, "केवढा उशीर!"

"का हो? मुहूर्त टळला का तुमचा?" बाई म्हणाल्या. आजोबा हसायला लागले. पायाची जखम अशी की मी तोंड फिरवलं. बाईंनी नाही फिरवलं.

त्या आत होत्या तेव्हा गाडीखाली वाकून बघितलं. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. दांडा जिथवर आत गेला तिथवर ती ढकलली जाते आणि तिथंच राहते. ती पार टोकाला जाऊन चेपली होती. रोज धुताना मी ती रिंग पुसतो. पुसतो आणि जागेवर सरकवतो! ती कशासाठी आहे हे कधी डोक्यातच आलं नाही.

परत आलो. मालक म्हणाला, "काय दिसलं?"

सगळं सांगितलं.

"मग?"

"कडक करायला पाहिजे. जाड स्प्रिंग. आणि खालचा स्क्रू मोकळा, म्हणजे पुढच्या वळीच्या आत गाडी वर येईल."

"हं," म्हणाला.

९ मार्च, शनिवार

बाई ऐकेनात. "कडक? अरे, माझी कंबर आहे ती, पुलाचा खांब नाही!"

मी म्हटलं, "एक फेरी करा. नाही पटलं तर मला शिव्या द्या."

"त्या मी तशाही देणार आहे."

भिंतीवरची जाड स्प्रिंग काढून बसवली. पेटी भरलेली, पिशवी बांधलेली, बाई कोट घालून वर. मालकानं हँडल धरून गाडी सरळ उभी केली आणि मी टेप लावून मोजलं — रिकामी गाडी किती उंच, माणूस-सामान बसल्यावर किती दबली. चकती आवळली, परत मोजलं, परत आवळली. बाईंना चार वेळा चढवलं-उतरवलं.

"इंजेक्शन देताना मी एवढा छळ करत नाही हो कुणाचा!"

मालक हसला. मला वाटलं होतं त्याला दात नाहीत.

१० मार्च, रविवार

आज सुट्टी, तरी बाई गेल्या. मी मागं. वळ्यांच्या पट्ट्यावर कान टवकारून होतो.

खाड आला नाही. एकदाही नाही! चाक नाचत होतं आणि बाई वर शांत.

त्या थांबल्याच नाहीत. आजोबांचं घर गेलं, शेवटचं घर गेलं, रस्ता संपतो तिथवर गेल्या, गाडी बंद केली, डोंगराकडे बघत बसल्या. मी रिंग बघितली. टोकापासून दोन बोटं अलीकडे!

"कसं वाटतंय, बाई?"

"लागतंय. पण आरपार जात नाही." मग किल्ली फिरवली. "साहेबाला काय सांगायचं ते उद्या बघू."

एवढंच! पाळणा नाही, उखळ नाही. काय समजायचं माणसानं?

११ मार्च, सोमवार

बाई आल्या नाहीत. फोनही नाही. दुपारी एक सील उलटी बसवली. मालक म्हणाला, "भिंगरी, दाराकडे बघून काम होत नाही."

१२ मार्च, मंगळवार

आल्या! टेबल नको म्हणून सांगितलं. शिवाय डोंगरापलीकडची फेरी, जी कुणीच घेत नव्हतं, तीही मागून घेतली! मी विचारलं, "तिकडचा रस्ता कसाय?" म्हणाल्या, "रस्ता असता तर तुझ्याकडे कशाला आले असते?" मालकानं माझ्या हातातलं धुण्याचं फडकं काढून घेतलं आणि स्वतः टबापाशी बसला. उद्या पहाटे तिकडचा रस्ता बघायला निघतोय. बाई पुढं, मी मागं.